धर्म, तलवार आणि 1948 चे साल

धर्म माणसाला हिंसेकडे नेतो काय, हा प्रश्न आपल्याकडे सहसा पुरता विचारला जात नाही. 'इस्लाम हिंसा शिकवतो ना?' अशा अर्ध्या रूपात तो येतो, आणि विचारणाराच्या मनात उत्तर आधीच तयार असते. उलट बाजूचे उत्तरही तितकेच तयार : सगळे धर्म शांतीच सांगतात. ही दोन्ही उत्तरे ऐकून श्रोता जिथे होता तिथेच राहतो. म्हणून ग्रंथांपासून आरंभ न करता आम्ही एका सालापासून करतो. ते साल 1948. त्या एका वर्षात मराठी मुलखात तीन वेळा माणसांनी माणसांना मारले, आणि तिन्ही वेळा मारणारे व मरणारे निराळे होते.

पहिला प्रकार आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. प्रजा बहुसंख्य हिंदू, राज्यकर्ता मुसलमान, आणि वरच्या नोकऱ्यांत मुसलमानांचे प्रमाण मोठे. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने 'अनल मलिक' हा सिद्धांत पुढे आणला. म्हणजे 'राजा मीच'. निजामाचे राज्य हे प्रत्येक मुसलमानाचे राज्य, असा त्याचा मथितार्थ. लातूरचे वकील कासीम रझवी यांनी त्याच्या जोरावर रझाकारांची हत्यारबंद पथके उभी केली, आणि गावोगाव लूट, जाळपोळ व खून झाले. आता गंमत अशी, की इस्लामी श्रद्धेप्रमाणे 'अल्-मलिक' हे परमेश्वराच्याच नावांपैकी एक आहे. प्रत्येक अनुयायाला राजा म्हणणे कोणत्या धर्मशास्त्रात बसते? तो सिद्धांत गादी टिकवण्याच्या गरजेतून निघाला होता. संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत ऑगस्ट 1948 मध्ये खून झाला. ते मुसलमान होते. दुसऱ्या बाजूस, तेलंगणातील काही हिंदू देशमुख आपल्या जमिनी राखण्यासाठी रझाकारांशी हातमिळवणी करून होते. धर्माची रेघ म्हणावी तितकी सरळ नव्हती.

दुसरा प्रकार संस्थानाबाहेरचा. 30 जानेवारीला गांधीजींचा खून एका मराठी हिंदूने केला. त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. इथे जाळणारेही हिंदू आणि ज्यांचे जळले तेही हिंदू. कुराणाचा इथे संबंध नाही; गीतेने शिकवले म्हणून घरे पेटली असेही कोणी म्हणणार नाही. या प्रकाराबद्दल आम्ही इतकेच म्हणून पुढे जातो.

तिसरा प्रकार सांगताना वक्ते कचरतात. 13 ते 17 सप्टेंबर या पाच दिवसांत पोलीस कारवाई आटोपली. 17 सप्टेंबर आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो आणि तो करावाच; स्वामी रामानंद तीर्थांनी व असंख्य कार्यकर्त्यांनी त्यासाठी तुरुंग भोगला. पण त्यानंतरच्या आठवड्यांत काय घडले? भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना चौकशीस पाठवले. त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये नऊ जिल्हे पाहिले. पोलीस कारवाईच्या काळात व तिच्यानंतर 27,000 ते 40,000 माणसे मेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड येथे सर्वांत अधिक. औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान 5,000. मेलेले बहुतांश मुसलमान. त्यांत रझाकार किती आणि सूत कातणारे, हमाली करणारे किती, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आलाच नाही.

आता प्रश्न पुन्हा मांडू. ऑगस्टमध्ये मारणाऱ्यांचे हात एका धर्माचे होते, ऑक्टोबरात दुसऱ्या. मधल्या दीड-दोन महिन्यांत कुराण बदलले नाही आणि गीताही बदलली नाही. बदलली ती सत्ता. ठाण्यात फौजदार कोणाचा, बंदूक कोणाच्या हाती, लुटलेल्या घरातले धान्य नि जमीन कोणाला पचेल, याचा हिशेब बदलला. मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, बीडला शहेनशाह वलींचा दर्गा आहे. भाविक पिढ्यान्‌पिढ्या दोन्हीकडे जात आले. जे कारण बाराही महिने हजर असते, ते एखाद्याच दिवशी लागलेल्या आगीचे एकटे कारण कसे ठरेल?

पण एवढ्यावर धर्माची सुटका करणेही आम्हांस मान्य नाही. कुराणाच्या पाचव्या अध्यायात एका निरपराधाचा वध साऱ्या मानवजातीच्या वधासारखा मानला आहे, आणि नवव्या अध्यायात युद्धाची कठोर आज्ञाही आहे. गीता तर रणभूमीवरच सांगितली गेली. गोव्यात ख्रिस्ती धर्माच्या नावाने 1560 साली सुरू झालेले इन्क्विझिशन, मध्ये थोडा खंड पडून, 1812 पर्यंत चालले. दंगा धर्म घडवून आणत नसेल. पण मारणाऱ्याची टोचणी तो बोथट करतो. शेजाऱ्याला मारणे हे पाप वाटण्याऐवजी कर्तव्य वाटू लागते, आणि लोभ स्वतःच्या नावाने बाहेर पडायला लाजतो म्हणून धर्माचा अंगरखा मागून घेतो. हा अंगरखा काढून घेण्याचे काम त्या त्या धर्माच्या माणसांनाच करावे लागते. हमीद दलवाई यांनी 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले ते याचसाठी. त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. हिंदूंकडून असे बोलणाऱ्यांनाही टाळ्या कमीच मिळतात.

भांडण तोंडाने होऊ शकते हे पैठणच्या एकनाथांना ठाऊक होते. त्यांच्या 'हिंदु-तुर्क संवादा'त दोघेही एकमेकांच्या देवाधर्मावर चांगलेच तोंडसुख घेतात आणि शेवटी समेटाला येतात. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी स्वतः देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमान राजाच्या चाकरीत होते.

सुंदरलाल समितीच्या अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचवले, आणि त्यात त्यांच्यापैकी काहींचे प्राण गेले. मागावर शेजारी बसणारी ही माणसे. जमावाचा धर्म तोच त्यांचाही होता.