पाण्यानं पेटलेला डोंगर

आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास पाऊस निरोप घेतो, तेव्हा इंडोनेशियातल्या पश्चिम जावात तो मुक्काम टाकत असतो. पुढे एप्रिलपर्यंत बांडुंग शहराच्या उत्तरेचे डोंगर दुपारी ढगांत बुडालेले असतात. अशा दिवसांत तांकुबान पराहू हा ज्वालामुखी पाहायला जाऊ नका, काही दिसत नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी मात्र म्हणेन, जा तर पावसातच जा. कारण या डोंगराची सगळी आग पाण्यावर चालते.

डोंगराची उंची २०८४ मीटर, पण कावा रातू या मुख्य विवराच्या काठापर्यंत गाडी जाते. कठड्याशी उभं राहिलं की समोर नुसता पांढरा पडदा. वास मात्र लगेच येतो, गंधकाचा, नाकात झोंबणारा. मग वारा फिरतो, ढग बाजूला होतो आणि राखाडी कड्यांचं प्रचंड विवर पायाशी उघडं पडतं. तळातून वाफांचे लोट उठत असतात. थंड, दमट हवेत वाफेचे थेंब चटकन धरतात, त्यामुळे कोरड्या दिवसापेक्षा ती आता अधिक दाट दिसते. बघता बघता पुन्हा सगळं पांढरं.

या धगीचं मूळ जावाच्या दक्षिणेला आहे. तिथे समुद्रतळाचा भूपट्ट बेटाखाली घुसतो आणि खनिजांत मुरलेलं पाणी सोबत नेतो. खूप खोलवर ते पाणी सुटून वरच्या तप्त खडकात शिरतं. पाणी शिरलं की खडक कमी तापमानाला वितळतो, त्याचा शिलारस होतो आणि ज्वालामुखी जन्माला येतो. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच; पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांतून थरावर थर पसरत गेला. असं धुमसतं तोंड त्याला नाही.

उद्रेकातही पाण्याचा हात असतो. जमिनीत मुरलेलं पाणी तापतं, वाफ कोंडते आणि शिलारस वर न येताही स्फोट होतो. २६ जुलै २०१९ रोजी असंच झालं. राखेचा लोट सुमारे २०० मीटर उडाला, पर्यटक आणि दुकानदार जीव मुठीत धरून पळाले. म्हणून निघण्याआधी चौकशी करावीच. विवर बंद असेल तर हट्ट धरू नये.

इथल्या सुंदा लोकांच्या कथेतही पाणी आहे. सांकुरियांगनं नकळत आपल्याच आईला, दायांग सुंबीला, मागणी घातली. तिनं अट घातली: एका रात्रीत तळं आणि नाव तयार कर. काम पुरं होत आलेलं पाहून तिनं खोटी पहाट घडवली; त्यानं संतापून नाव लाथाडली, ती उपडी पडली, तोच हा डोंगर. विलक्षण गोष्ट अशी की बांडुंगच्या खोऱ्यात प्राचीन काळी खरोखरच मोठं तळं होतं.

भिजून, काकडून खाली लेम्बांगला उतरलं की खरी भूक लागते. रस्त्याकडेच्या टपऱ्यांत निखाऱ्यावर केतान बाकार भाजत असतात. शिजवलेल्या चिकट तांदळाच्या या पांढऱ्या वड्या. बाई त्या चिमट्यानं उलटते, कडा तांबूस होतात, वरचा पापुद्रा कुरकुरीत होतो, आत मात्र भात मऊ आणि ताणला जाणारा. सोबत शेंगदाण्याची तिखट चटणी. सुराबी म्हणजे तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध यांचा जाडसर घावनच, पण मातीच्या तव्यात, झाकण ठेवून केलेला. गोड हवा तर गुळाच्या पाकात, तिखट हवा तर वर ओंचोम. शेंगदाण्याची पेंड किंवा टोफूचा चोथा आंबवून हे ओंचोम करतात. टाकाऊतून इतकी खमंग चीज काढणाऱ्या हातांबद्दल मला फार आदर वाटतो.

प्यायला बांद्रेक: आलं, दालचिनी आणि ताडगुळाचा वाफाळता काढा. पहिल्या घोटाला घसा चरचरतो, दुसऱ्याला कानशिलं गरम होतात. इतकं आलं सोसत नसेल तर नारळाच्या दुधाचं सौम्य बाजिगुर मागावं.

जेवणात केळीच्या पानात गुंडाळलेला भात, चिंचेची आंबट भाजी-आमटी आणि कच्च्या पाल्याभाज्यांची ताटली येते. काकडी, कोबी, कोवळी पानं मिरचीच्या सांबालमध्ये बुडवून खायची. शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं की सांबालमध्ये किंवा आमटीत तेरासी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, आहे का, बहुतेकदा असतो. सांगितलं तर त्याच्याशिवायचं सांबाल ताजं वाटून देणारेही भेटतात.