डावीकडच्या खुर्चीतला माणूस

प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे त्याचा सहवैमानिक. कॅप्टनच्या गाठीशी हजारो तासांचं उड्डाण, सहवैमानिक त्या मानानं नवखा. साधारणपणे दोघं आळीपाळीनं विमान चालवतात. जाताना एक, येताना दुसरा. आता सांगा, मोठे अपघात कोणाच्या हातून जास्त होत असतील?

नवख्याच्या, असंच वाटतं ना? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं १९७८ ते १९९० या काळातले ३७ मोठे अपघात १९९४ साली एकत्र मांडून तपासले. सगळे वैमानिकांच्या चुकांशी जोडलेले. त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक अपघातांत विमान कॅप्टनच्या हातात होतं!

मग काय, अनुभवच घातक? छे, खरी गोम शेजारच्या खुर्चीत आहे. सहवैमानिक चालवत असला की कॅप्टन त्याला बिनदिक्कत टोकतो. पण कॅप्टन चालवत असला की त्याला कोण टोकणार? मोठे काका गाडी चालवतायत, पेट्रोलचा काटा तळाला टेकलाय, अशा वेळी शेजारी बसलेला पुतण्या काय म्हणतो? ‘काका, पुढे पंप असेल ना?’ काका म्हणतात, ‘असेल की!’ आणि विषय तिथेच संपतो.

हे आकाशात अक्षरशः घडलंय. २८ डिसेंबर १९७८. युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान पोर्टलंडला उतरायच्या बेतात होतं. चाकं खाली सोडताना दणका बसला आणि चाक नीट बसल्याचा दिवा काही लागेना. कॅप्टन अनुभवी, काळजी घेणारा. प्रवाशांची तयारी नीट होऊ दे, मग उतरू, असं ठरवून त्यानं विमान तासभर घिरट्या घालत ठेवलं. त्या काळी कॉकपिटमध्ये तिसरा माणूस असायचा, फ्लाइट इंजिनिअर. आणखी पंधरा मिनिटं थांबलो तर इंधन फारच खाली जाईल, असं तो बोललासुद्धा. पण बोलला ते माहिती दिल्यासारखं. ‘आत्ता उतरा’ असं कोणीच ठणकावलं नाही. कॅप्टनचं लक्ष चाकात गुंतलेलं. एकेक करून इंजिनं बंद पडली आणि विमान शहराच्या उपनगरात कोसळलं. १८९ जणांपैकी दहा गेले, त्यांत तो इंजिनिअरही.

विमानाला वाचवणारी माहिती कॉकपिटमध्येच होती, कॅप्टनपासून हातभर अंतरावर. ते हातभर अंतर मात्र तिला कापता आलं नाही!

१९७९ मध्ये नासानं यावर खास परिषद भरवली. सिम्युलेटरमधल्या प्रयोगांतूनही तेच दिसत होतं. चुकांचं मूळ विमान चालवण्याच्या कौशल्यापेक्षा नेतृत्वात आणि आपसातल्या बोलण्यात जास्त होतं. १९८१ पासून युनायटेडनं वैमानिकांसाठी एक नवंच शिक्षण सुरू केलं. कनिष्ठानं शंका आडून न सुचवता स्पष्ट मांडायची आणि कॅप्टननं ती आपणहून मागायची. जुन्या खोडांनी अर्थातच नाकं मुरडली. गोड बोलायची शाळा म्हणून खिल्लीही उडवली. मला त्यांचं फारसं नवल वाटत नाही. तीस वर्षं विमान उडवलेल्या माणसाला ‘शेजाऱ्याला विचारत जा’ असं सांगायला जाणं म्हणजे धाडसच!

आता १९ जुलै १९८९ वर या. कंपनी तीच. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या २३२ क्रमांकाच्या विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची चकती फुटली आणि तिच्या तुकड्यांनी हायड्रॉलिकच्या तिन्ही यंत्रणा निकामी केल्या. दांडा ओढा, पायट्या दाबा, विमान ढिम्म. असं होऊच शकत नाही असं गृहीत धरलेलं, त्यामुळे या संकटासाठी नियमावलीत एक ओळसुद्धा नव्हती. पंखांखालची दोन इंजिनं तेवढी चालू होती.

कॅप्टन अल हेन्स यांनी काय केलं? सगळ्यांना बोलू दिलं. डेनी फिच नावाचा वैमानिकांचा प्रशिक्षक योगायोगानं प्रवासी म्हणून आला होता. त्यानं मदतीची तयारी दाखवताच हेन्सनी त्याला आत घेतलं आणि इंजिनांचे थ्रॉटल त्याच्या हाती दिले. फिच दोन खुर्च्यांच्या मधे जमिनीवर बसून डावं इंजिन थोडं वाढव, उजवं थोडं कमी कर, असं करत विमान वळवत होता. त्यातही फिच म्हणाला की हे सगळं आटोपलं की मिळून बिअर घेऊ. हेन्स म्हणाले, मी पीत नाही, पण आज नक्की घेईन! चव्वेचाळीस मिनिटांनी विमान सू सिटीच्या धावपट्टीवर आदळलं. २९६ पैकी १८४ जण जगले. पुढे सिम्युलेटरमध्ये इतर वैमानिकांना हाच प्रसंग देऊन पाहिला, तर सुरक्षित उतरवणं जवळपास अशक्य ठरलं. हेन्स आयुष्यभर सांगत राहिले की त्या नव्या शिक्षणाशिवाय हे जमलं नसतं. कॉकपिटमधल्या चौघांच्या मिळून शंभरावर वर्षांच्या अनुभवात असा प्रसंग कोणीच पाहिला नव्हता; मग एकट्या कॅप्टनला उत्तर कुठून ठाऊक असणार?

त्या ३७ अपघातांत आणखी एक चक्रावणारी गोष्ट सापडते. ज्यांची माहिती मिळाली, त्यांपैकी ७३ टक्के अपघात वैमानिकांच्या त्या जोडीच्या एकत्र कामाच्या पहिल्याच दिवशी झाले होते. नासाच्या एका प्रयोगात तर काही दिवस बरोबर उडून दमलेल्या वैमानिकांनी ताज्यातवान्या, पण एकमेकांना अनोळखी वैमानिकांपेक्षा चांगली कामगिरी केली. ओळख झोपेवरही मात करते!

पण रोज नवा सहवैमानिक मिळत असेल तर? रॉबर्ट जिनेट यांनी नावाजलेल्या कॅप्टनांचं निरीक्षण केलं. उड्डाणापूर्वीच्या पहिल्या काही मिनिटांतच ते सांगून टाकत की माझंही चुकतं, दिसलं तर बोला. पुढचं सगळं वातावरण तेवढ्यावर ठरत असे.

ही युक्ती ऑपरेशन थिएटरमध्येही पोचली. अतुल गावंडे हे अमेरिकेतले सर्जन. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या चमूनं शस्त्रक्रियेच्या वेळी तपासायच्या गोष्टींची एक यादी बनवली. तिच्यात एक कलम असं, की पहिला छेद देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. हे निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. श्रेय एकट्या नावं सांगण्याला देता येणार नाही, यादीत अँटिबायोटिक आणि साधनांची मोजदादही होती.

मग कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतानं अशा यादीच्या वापराच्या नोंदी जाहीर करणं रुग्णालयांना सक्तीचं केलं. १०१ रुग्णालयांचा हिशेब २०१४ मध्ये आला, आणि मृत्यूंत म्हणावा असा फरक नाही! यादी भरल्याच्या नोंदी मात्र जवळपास सगळीकडे चोख. कारणांवर तज्ज्ञांचा वाद अजून चालू आहे. माझा संशय त्या नोंदींवरच आहे; चौकोनात खूण करायला सर्जनला मान वर करून समोरच्या नर्सचं नाव विचारावं लागत नाही.