आखूड केस वाढवताना कातरावे की कातरू नये?

केस आखूड करून घेण्यास अर्धा तास पुरतो. ते पुन्हा वाढवण्यास दीड-दोन वर्षे लागतात. ह्या दीड-दोन वर्षांत घरोघर एकच वाद होतो. आई म्हणते, महिन्याला थोडे कातरीत जा, म्हणजे भरभर वाढतील. मैत्रीण म्हणते, कात्रीला हातही लावू देऊ नकोस. केशकर्तनालयातील बाई मान डोलावून आईच्या बाजूस मिळते, आणि त्यात तिचा व्यवहारही साधतो. चाकणच्या किंवा भोसरीच्या एखाद्या कारखान्यात कामाला लागताना बॉयकट करून घेतलेली, आणि आता चौदा महिन्यांनी लग्न ठरलेली मुलगी ह्या तिघींच्या मध्ये सापडली की तिला खरे काय ते कळेनासे होते. वस्तुतः हा प्रश्न मताचा नसून बराचसा मोजमापाचा आहे.

प्रथम केस म्हणजे काय ते पाहावे. केसाचा जिवंत भाग त्वचेखाली, मुळाशी असलेल्या लहानशा कंदात असतो. तेथे पेशी निर्माण होतात, वर ढकलल्या जातात, त्यांत केराटिन नावाचे कठीण द्रव्य भरते आणि त्या मरतात. त्वचेबाहेर जो केस दिसतो तो सर्वस्वी निर्जीव असतो. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाही. म्हणूनच तो कापताना दुखत नाही. टोकाशी कात्री लागली ही वार्ता मुळापर्यंत पोहोचवणारे काहीच साधन तेथे नाही. तेव्हा टोक कापल्याने मुळास वाढीची स्फूर्ती येते हे म्हणणे, धोतराचा सोगा कापल्याने मागावर अधिक कापड विणले जाते असे म्हणण्यासारखे आहे.

ह्या समजुतीची परीक्षा फार पूर्वीच झालेली आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या संशोधिका मिल्ड्रेड ट्रॉटर ह्यांनी 1928 साली वस्तऱ्याचा केसांच्या वाढीवर काय परिणाम होतो ते मोजून प्रसिद्ध केले. वस्तरा फिरवल्याने केस ना लवकर वाढतात, ना जाड होतात, असे त्यांस आढळले. तरीही समजूत टिकली आहे, आणि ती टिकण्यास आपल्याकडे जावळाचा मोठा आधार आहे. मुलाचे जावळ काढले की नंतर केस दाट व काळे येतात, हे प्रत्येक आजीने डोळ्यांनी पाहिलेले असते. पाहिलेले खोटे नव्हे. लावलेले कारण तेवढे चुकीचे. तान्ह्या मुलाचे मऊ केस जाऊन त्यांच्या जागी राठ केस येणे हे वयाबरोबर होतच असते. त्याच सुमारास वस्तरा फिरतो आणि श्रेय वस्तऱ्यास मिळते. शिवाय न कापलेल्या केसाचे टोक झिजून निमुळते झालेले असते, कापलेल्याचे बोथट असते. म्हणून नवे खुंट हातास जाड लागतात.

आता वेग. डोक्यावरचा केस साधारणतः महिन्यास एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अर्धा इंच वाढतो. एखादीचा किंचित अधिक, एखादीचा उणा. पण तेल बदलून वा कात्री चालवून त्यात फरक पडत नाही. वरील मुलीचाच हिशेब मांडू. तिच्या माथ्यावरचे केस आज 8 सेंटिमीटर आहेत असे धरावे. महिना सव्वा सेंटिमीटर ह्या वेगाने चौदा महिन्यांत साडेसतराची भर पडेल आणि केस साडेपंचवीस सेंटिमीटर होतील. एवढ्यात लहानसा अंबाडा बसतो आणि गंगावन जोडल्यास खोपाही घालता येतो. दर तीन महिन्यांनी एकेक सेंटिमीटर कातरल्यास लग्नापर्यंत चार वेळा कात्री लागेल आणि लांबी साडेएकवीसवर राहील. आणि आईच्या सल्ल्याप्रमाणे दरमहा एक सेंटिमीटर कातरल्यास? दरमहाची शिल्लक पाव सेंटिमीटर. चौदा महिन्यांनी केस साडेअकरा सेंटिमीटर. मुंडावळ्या बांधल्या जातील, गंगावनास मात्र धरायला जागा मिळणार नाही.

येथे कोणी म्हणेल, टोके कातरली नाहीत तर केसांना फाटे फुटतात आणि ते खालून तुटत जातात; मग लांबी वाढणार कशी? हा आक्षेप पोकळ नाही. केसाच्या बाहेरून कौलांसारखी एकावर एक बसलेली पातळ आवरणे असतात. फणी, ऊन, उष्ण हवेची यंत्रे, रंग, केस सरळ करण्याची रसायने ह्यांनी ती आवरणे झिजतात. आतले धागे सुटे होतात आणि टोक दुभंगते. दुभंगलेला केस पुन्हा सांधत नाही. फाटा वर सरकतो आणि केस मध्येच तुटतो. अशा केसाचे टोक कातरणे योग्यच आहे. परंतु प्रश्न आहे तो झिजण्यास लागणाऱ्या काळाचा. कमरेपर्यंत, म्हणजे सुमारे 75 सेंटिमीटर पोहोचलेल्या वेणीचे टोक पाच वर्षांचे जुने असते. पाच उन्हाळे त्याने काढलेले असतात. 8 सेंटिमीटरच्या केसाचे टोक अवघे सहा-साडेसहा महिन्यांचे. ह्या कोवळ्या टोकास फाटे फुटण्याचे सहसा कारण नसते. म्हणून लांब केसांना लागू असलेला नियम आखूड केसांना लावणे हीच मुळातली चूक होय. अपवाद आहे तो रंगवलेल्या वा रसायनाने सरळ केलेल्या केसांचा. तेथे टोके वयाने लहान असली तरी प्रकृतीने म्हातारी असतात.

इतके ऐकून कोणी कात्री पेटीत कुलूपबंद केली तर तेही चुकेल, कारण केस सगळीकडे सारख्या लांबीने खाली येत नाहीत. माथ्यावरचा केस हनुवटीच्या रेषेपर्यंत येण्यास डोक्याच्या गोलाईवरून सुमारे 28 सेंटिमीटरचा प्रवास करावा लागतो. मानेवरचा केस त्याच रेषेच्या आसपास उगवतो, त्यास चार-पाच सेंटिमीटर पुरतात. बॉयकटात मानेवर 3 सेंटिमीटर केस ठेवलेले असतील तर ते दोन महिन्यांत हनुवटीच्या रेषेस येतात. माथ्यावरच्यांना सोळा महिने लागतात. मधले चौदा महिने मानेवरचे केस मोकळे सोडले तर मागे शेपटी लोंबते आणि वर टोपी ठेवल्यासारखे दिसते. बहुतेक मुली धीर सोडतात त्या ह्याच अवस्थेत. पाचव्या-सहाव्या महिन्यात आरशातले रूप असह्य होऊन त्या पुन्हा बॉयकट करून येतात आणि सारा हिशेब पहिल्या ओळीवर येतो.

ह्यावरचा उपाय म्हणजे कात्री माथ्यास लावायची नाही. मानेवर आणि गरज पडल्यास कानांमागे लावायची. मानेवरचे केस शर्यतीत पुढे गेलेले असतात, त्यांना दीड-दोन महिन्यांनी मागे ओढल्याने अंतिम लांबीचे काहीच नुकसान होत नाही, कारण ज्यांच्यासाठी थांबायचे ते माथ्यावरचे केस आहेत. माथ्यावरच्या केसांनी हनुवटी गाठली की आखूड केसांचा बॉबकट तयार होतो. तेथपासून सर्व केस एकत्र वाढू द्यावे. मात्र लग्नासारखी निश्चित तारीख असेल तर शेवटचे पाच-सहा महिने मानेवरचीही कात्री थांबवावी, कारण अंबाड्यास मागचे केसही लागतात.

ह्या पट्ट्यात मात्र एक गोष्ट दिसण्याहून गंभीर आहे. पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा पेनिसिलीनचा कारखाना स्थापन झाला; पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी आणि अखेर चाकणपर्यंत यंत्रशाळांची रांग लागली, आणि त्यांत स्त्रियांची संख्या वाढत गेली. आखूड केस यंत्राजवळ बरे. लांब केस घट्ट अंबाड्यात टोपीखाली गेले तर तेही बरे. धोका आहे तो मधल्या लांबीचा. दहा-बारा सेंटिमीटरचा केस बांधला जात नाही, चापातून निसटतो आणि वाकताच पुढे येतो. एक सेंटिमीटर जाडीचा गिरमिट मिनिटास हजार फेरे ह्या बेताच्या वेगाने फिरत असेल तर तो सेकंदास पन्नास सेंटिमीटरहून अधिक केस गुंडाळतो. माणसाचा हात बटणाकडे निघण्यासच पाव सेकंद जातो. तेवढ्यात बारा-तेरा सेंटिमीटर गुंडाळले गेलेले असतात, म्हणजे संपूर्ण बट आणि तिच्यामागून डोके. केसांबरोबर टाळूची त्वचा उपटून येण्याचे अपघात यंत्रयुगाइतकेच जुने आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांत स्त्रिया कामास लागल्या तेव्हा व्हेरोनिका लेक ह्या नटीसारखी एका डोळ्यावर बट सोडण्याची टूम इतकी पसरली होती, की 1943 साली सरकारच्या विनंतीवरून त्या नटीने स्वतःची केशरचना बदलून केस वर बांधले.

तेव्हा यंत्रावर काम करणाऱ्या मुलीने सौंदर्याचा हिशेब दुसरा आणि सुरक्षिततेचा पहिला धरावा. कपाळावरची बट नाकापर्यंत आली आणि टोपीत राहत नसेल तर ती निःशंक कातरावी, लांबी गेली तरी चालेल. त्याहून बरा मार्ग म्हणजे जाळी व तिच्यावर घट्ट टोपी. जाळीत आखूड केसही सुटत नाहीत आणि कात्रीचीही गरज पडत नाही. लोखंडी चाप व पिना यंत्रात पडण्यासारख्या असतात. कापडी पट्टा बरा.

कारखान्यापर्यंतच्या वाटेचाही केसांवर परिणाम होतो. निगडीहून तळवड्यामार्गे चाकणला दुचाकीवर जाणारी मुलगी तोंडाला ओढणी गुंडाळते, वर शिरस्त्राण घालते, आणि ह्या दोहोंचे घर्षण नेमके मानेवर व कानांमागे होते. तेथील केस गुंततात व तुटतात. शिरस्त्राण सोडणे हा उपाय नव्हे. आत गुळगुळीत कापडाचा रुमाल बांधावा आणि केस ओले असताना ते घालू नये, कारण ओला केस ताणला की लवकर तुटतो. नव्या वसाहतींत विंधणविहिरीचे जड पाणी मिळत असेल तर साबणाचा चिकट थर केसांवर बसतो व ते राठ लागतात. तो राठपणा धुण्याच्या पद्धतीने जातो, कातरल्याने नव्हे.

काही स्त्रिया हौसेने नव्हे, तर दुखण्यामुळे केस आखूड करतात. विषमज्वर, डेंग्यू किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्यांनी गळू लागतात. घाबरून कोणी ते कापून टाकते. कापल्याने गळणे थांबत नाही, केवळ गळालेले केस आखूड दिसतात. हे गळणे बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि कपाळाच्या कडेने बोटभर नवे केस उभे राहिलेले दिसतात. त्यांना तुटलेले समजून कातरू नये. तेच नवे पीक होय. सहा महिन्यांनंतरही गळती चालू राहिली तर मात्र वैद्याकडून रक्तातील लोह व गलग्रंथीचे काम तपासून घ्यावे.

महाराष्ट्रात केस पुन्हा वाढू देणे ही गोष्ट एके काळी फार मोठ्या धैर्याची होती, हे जाता जाता आठवते. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईस काढलेल्या आणि पुढे पुण्यास हलवलेल्या शारदा सदनात केशवपन झालेल्या विधवांनी केस वाढवले, तेव्हा त्या काळच्या समाजाने ते बंडच मानले. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निश्चय केला, तोही त्याच सुमारास, 1890 साली. त्या स्त्रियांना आरशातल्या मधल्या अवस्थेबरोबर लोकांची नजरही सोसावी लागली.

राहता राहिला केशकर्तनालयातील व्यवहार. ‘थोडेसे’ ह्या शब्दाचा अर्थ खुर्चीत बसलेलीच्या मनात एक आणि कात्री धरलेलीच्या मनात दुसरा असतो. म्हणून बोटांनी दाखवावे, किंवा सरळ सेंटिमीटरमध्ये सांगावे. माथ्यास हात लावायचा नाही हे खुर्चीत बसण्यापूर्वीच सांगावे. कुरळ्या केसांचे मात्र वेगळे आहे. ते ओले असताना ताणून लांब दिसतात आणि वाळल्यावर आखडून वर जातात. ओलेपणी एक बोट कापले तर वाळल्यावर दोन बोटे गेल्यासारखी वाटतात. कुरळे केस वाळलेलेच कातरून घ्यावे, आणि वाढ मोजताना एखादी बट हलकेच सरळ ओढून मोजावी. नाहीतर सहा महिने वाढूनही ते होते तेथेच आहेत असा भ्रम होतो.