ओल्याचा कप्पा

भोंगा आधी ऐकू येतो, गाडी मागून दिसते. मे महिना, सकाळचे साडेसहा. बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाजाच्या आतल्या या गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट चालूच आहे आणि त्याच्यावर मात करत कचरागाडीचं गाणं जवळ येतंय. गाणं मंडला इथल्या श्याम बैरागी या शिक्षकाचं. मध्य प्रदेशातल्या कित्येक शहरांना गेली काही वर्षं तेच उठवतं. गाडी गल्लीत शिरते तशा दोन्ही बाजूंच्या मोटारसायकली ओट्याला चिकटतात, एक म्हातारेबाबा खाटेसकट आत सरकतात.

गाडीच्या पाठीला मधोमध पत्र्याची भिंत आहे. डावीकडचा कप्पा हिरवा, ओल्याचा. उजवीकडचा निळा, सुक्याचा. मागे एक छोटी पेटी लटकवलेली, डायपर, सॅनिटरी पॅड, जुनी औषधं यांच्यासाठी. 2016च्या घनकचरा नियमांनी घरच्या कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितले, ते असे पत्र्यात उतरलेले आहेत. फाळक्यावर उभा असलेला हेल्पर अठरा-एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्या एकाच हातात रबरी मोजा आहे.

दुसऱ्या मजल्यावरून दोरीनं एक काळी पिशवी खाली येते. वरून आवाज, "भैया, ले लेना!" पिशवीला गच्च गाठ. गाठ सोडायला वेळ नाही, तो बोटांनीच फाडतो. टरबुजाच्या साली, आंब्याच्या कोयी, दुधाची रिकामी पाकिटं आणि सगळ्यांच्या मधे गुंडाळलेला डायपर. डायपर पेटीत, पाकिटं निळ्यात, उरलेलं हिरव्यात. हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत. तेवढ्यात ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवतो.

शहराच्या कचऱ्यातून हवामान तापवणारा किती वायू हवेत जायचा याचा निकाल मला वाटतं इथंच लागतो, या अर्ध्या मिनिटात. भोपाळच्या किंवा दिल्लीच्या फायलीत नंतर.

गल्लीच्या निम्म्यावर हिरवा कप्पा काठोकाठ भरतो. निळा अजून अर्धा रिकामा आहे. आमरसाचे दिवस, टरबुजाचे दिवस, त्यात काल कुणाकडे तरी लग्न; पंगतीचं उरलेलं अन्न दोन पिंपं भरून आलंय. ओला कचरा जड आणि उन्हाळ्यात जास्त, पण पत्र्याची भिंत बाराही महिने मधोमधच. पुढच्या दारात एक काकू झाकणाची बादली घेऊन उभ्या आहेत. बादलीत फक्त ओलं: कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा, वांग्याची देठं. पोरगा क्षणभर हिरव्याकडे बघतो आणि बादली निळ्यात उलटी करतो.

"अरे भाऊ, मी रोज वेगळं करून राह्यली, अन् तू एकात टाकून राह्यला!"

"काकू, जगा नहीं है उसमें."

"मग मी कायले मेहनत करू?"

त्याच्याकडे उत्तर नाही. गाडी पुढे सरकते. काकू रिकामी बादली नळाखाली धरतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "उद्या मी पण एकाच पिशवीत देते, पाहा." त्या तसं करणार नाहीत असं त्यांच्या आवाजावरून वाटतं. पण गल्लीत अशी चिडलेली चार घरं झाली की वर्गीकरण संपलं, आणि ते परत बसवायला वर्षं लागतात.

भाजीबाजारात निराळंच चित्र. इथला कचरा म्हणजे निव्वळ सोनं: कांद्याची टरफलं, पालकाची मुळं, सडके टमाटे, रसवंतीचा चोथा, केळीच्या घडांचे दांडे. ना डायपर, ना ब्लेड. दोन गायी आणि एक बकरी आधीच निवडीला लागलेली आहेत. मग झाडू येतो आणि या ढिगात चहाचे कप, पातळ पिशव्या, गुटख्याच्या पुड्या ओढून मिसळतो. दहा मिनिटांपूर्वी जे थेट खड्ड्यात टाकून खत झालं असतं ते आता हातानं निवडल्याशिवाय कशाच्याही कामाचं नाही. झाडणाऱ्या मावशींना विचारतो, दांडे आधी वेगळे उचलले तर? त्या झाडू न थांबवता म्हणतात, "उचलू ना. पण ठेवू कुठं?"

राजघाटाकडे उतरताना धुराचा वास येतो. कुणीतरी पाला झाडून पेटवलाय, त्यात प्लास्टिकही आहे. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादानं 22 डिसेंबर 2016 रोजी बंदी घातली. साध्या जाळण्याला 5 हजार रुपये दंड, मोठा ढीग पेटवला तर 25 हजार. अलमित्रा पटेल यांनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात लावलेल्या खटल्यातूनच तो आदेश निघाला. घाटावरच्या माणसाला यातलं काही माहीत नाही. तो चहा पीत बसलाय, धूर तापीवरून पलीकडे जैनाबादकडे चाललाय. तिकडेच आहुखाना, जिथं 1631 साली मुमताजमहलला आधी दफन केलं होतं. पाहुणे ते बघायला जातात. मी आज त्याच बाजूला एक ढीग बघायला निघालोय.

पूल ओलांडला की केळी सुरू होते. जिल्ह्यात केळीचं क्षेत्र 20 हजार हेक्टरांच्या वर आहे. केळीच्या झाडाला घड एकदाच येतो. घड उतरवला की खोड कापायचं. एवढ्या खोडांचं करायचं काय हा इथल्या प्रत्येक बांधावरचा प्रश्न. जिल्ह्यातल्या काही बचत गटांच्या बाया खोडातून धागा काढून वस्तू करतात. काम चांगलं आहे, पण खोडांच्या राशीपुढे ते फार थोडं. बाकीची खोडं बांधावर कुजतात, नाल्यात पडतात.

मी ज्यांचा ढीग बघायला आलोय त्या शेतकऱ्यानं ती तोडून तुकडे केलेत. खाली वाळल्या काड्या, वर खोडाचे तुकडे, वर शेण, पुन्हा काड्या. ढीग माझ्या छातीएवढा. वास विचारावा तर ओल्या मातीचा, दुसरा काही नाही.

"आठ दिवस झाले रचून," ते म्हणतात. "वरून काही नाही दिसत. आत हात घाला."

हात घालतो आणि झटकन काढतो. आत साठ अंशांच्या आसपास असावं. ते हसतात. "सगळे असेच काढतात."

ही आच म्हणजे हवा आत पोचत असल्याची खूण. हवा मिळाली की जिवाणू खोडाचा कर्बवायू करतात. तो केळीनं वर्षभरात हवेतूनच घेतलेला, तिथंच परत जातो, जमाखर्च जुळतो. हीच खोडं दाबून, बंद करून ठेवली तर हवा संपते, दुसरे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कर्बवायूच्या सुमारे 28 पट तापवतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात 80 पटींहून जास्त. केर तोच, पालटते फक्त हवा.

या ढिगाची रीत परकी नाही. इथून पावणेदोनशे किलोमीटरवर इंदूरला 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती बसवली, आणि तिच्यावरचं 1931चं पुस्तक त्यांनी एकट्यानं लिहिलेलं नाही. सोबत यशवंत वाड यांचं नाव आहे. जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. कपाशीच्या टणक पऱ्हाट्या मोडायच्या कशा, तर त्या शेतरस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरडून घ्यायच्या. यंत्र नको, वीज नको. मग उथळ खड्डा, शेण, पाणी, तीनदा उलथापालथ, आणि साधारण तीन महिन्यांत खत. हॉवर्डचं नाव सेंद्रिय शेतीवाले घेतात, वाडांचं कुणीच घेत नाही. याची मला चीड येते.

त्याच इंदुरात देवगुराडियाला 19 फेब्रुवारी 2022 रोजी 550 टन रोजच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. तिथं मिथेन मुद्दाम तयार करतात, पण बंद टाकीत, आणि तो इंधन म्हणून गाड्यांत जातो. बुऱ्हाणपूरला तो पेलणारा नाही, आणि त्याची गरजही नाही. 2011च्या जनगणनेत शहराची वस्ती 2 लाख 10 हजार. माणशी दिवसाला 300 ग्रॅम धरले तर 63 टन कचरा, त्यातला निम्मा, म्हणजे साडेएकतीस टन, ओला. बांधावर बसून मी हा हिशेब पेन्सिलीनं करतो. हवामान बदलाच्या आंतरसरकारी मंडळाच्या सूत्रानं उथळ, उघड्या ढिगात एक टन अन्नकचरा पुढच्या काही वर्षांत सुमारे 20 किलो मिथेन देतो. ढीग पाच मीटरांहून उंच गेला की तेच 40 किलो होतात. नीट चालवलेल्या कंपोस्टमध्ये 4 किलो.

शेतकरी वाकून आकडे बघतात. "म्हणजे ढीग जेवढा उंच तेवढा वाईट?"

बरोबर पकडलं त्यांनी. आणि स्वच्छ शहराच्या कल्पनेला इथंच खोट आहे. कचरा विखुरलेला असतो तेव्हा तो डोळ्यांना खुपतो, पण त्याला हवा मिळते. तो गोळा करून, गावाबाहेर नेऊन, एकावर एक रचून, बुलडोझरनं दाबून, वर माती टाकली की रस्ते लखलखतात, स्वच्छ शहरांच्या क्रमवारीत नंबर लागतो आणि मातीखाली मिथेन दुप्पट होतो. म्हणून कचरा गल्लीत पडू द्यावा असं मी म्हणत नाही. माश्या, डास, तुंबलेल्या गटारी गल्लीनं पुष्कळ भोगल्यात. पण गोळा करणं हे निम्मंच काम आहे, आणि क्रमवारीचा फोटो नेमका तेवढ्याचाच निघतो.

"मग तो ओला कचरा आमच्याकडे पाठवा ना," ते म्हणतात. "केळीला पोटॅश लागतो, तो इकत घेऊन घेऊन माणूस थकून राह्यला." भारत पोटॅश जवळजवळ सगळा परदेशातून आणतो, आणि केळीच्या दांड्यात, सालीत तो भरपूर असतो. शहर केळीच्या शेतांनी वेढलेलं आहे. खताला गिऱ्हाईक दारात उभं आहे. "मागे एकानं शहराचं खत आणलं होतं," ते पुढे सांगतात. "चाळलं तर काच निघाली. बल्बची काच. बैलाच्या पायात गेली, मग कोण घेईल?"

म्हणजे पुन्हा तो फाळका, तो एकाच हातातला मोजा, ती पत्र्याची भिंत. खत विकलं जाणार की नाही हे काचेच्या एका तुकड्यावर ठरतं, आणि तो तुकडा थांबवण्याची जागा गल्लीतच आहे. पत्र्याची भिंत दीड फूट सरकवायला वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम पुरेल. बाजाराच्या दांड्यांना झाडू लागण्याआधी वेगळी हातगाडी लागेल. हेल्परला दुसरा मोजा लागेल. यासाठी कुणाला इंदूरची सहल करायची गरज नाही.

बुऱ्हाणपूरकरांना, आणि रावेर, भुसावळ, जळगावच्या वाचकांनाही एवढंच सांगणं आहे. डबा दारात ठेवून आत जाऊ नका. फाळक्यापाशी अर्धं मिनिट थांबा, आपला ओला कचरा कोणत्या कप्प्यात पडतो ते बघा. निळ्यात पडला तर पोरावर ओरडू नका, त्याला जागा नाही. नगरसेवकाला फोन लावा आणि हिरवा कप्पा मोठा करून मागा.