३३ चे ३९ कसे झाले?

कळवण–देवळा रस्त्यावरच्या टायरच्या दुकानात नळी हातात घेतलेला पोरगा विचारतो, “किती टाकू भाऊ?” आणि उत्तराची वाट न बघता पस्तीस मारून मोकळा होतो. कांद्याने भरलेल्या पिकअपच्या मागच्या चाकांत किती हवा लागते, हे त्याला झोपेतही सांगता येईल. कारला मात्र सरसकट पस्तीस.

माझ्या एका मित्राने दिवाळीत कारला १७ इंची अलॉय बसवले. कंपनीचा टायर होता १८५/६५ आर १५, नवा आला २०५/४५ आर १७. दारात गाडी उभी राहिली की येणारा-जाणारा थबकायचा. महिनाभरात एका टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आला. हवा किती होती? दरवाजाच्या स्टिकरवर होती तेवढीच, ३३. चुकलं ते इथेच.

टायरवरचे आकडे जरा उलगडून पाहू. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या ६५ टक्के उंची, १५ हे रिमच्या व्यासाचं इंचातलं माप. जुन्या टायरची भिंत १२० मिलिमीटर उंच होती, नव्याची जेमतेम ९२. चाकाचा एकूण व्यास मात्र जवळपास तोच. आधी ६२१, आता ६१६ मिलिमीटर. बाहेरचं वर्तुळ तेवढंच राहिलं, आतली चकती मोठी झाली. मधल्या मध्ये आटली ती हवेची गादी.

आणि गाडीचं ओझं मुख्यतः हवाच पेलते. रबर ही तिला धरून ठेवणारी पिशवी. ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. एका चाकावर ४०० किलो भार असेल, तर रस्त्याला टेकलेला तुकडा भरतो सुमारे १७० चौरस सेंटिमीटर. तळहाताएवढाच! हवा कमी पडली की तो तुकडा पसरतो, भिंत जास्त वाकते. चाक किलोमीटरला पाचशेहून जास्त वेळा फिरतं. कळवणहून नाशिकला पोचेपर्यंत टायरचा प्रत्येक भाग चाळीसेक हजार वेळा दबतो आणि सुटतो. तार वाकवत राहिलो की गरम होते, तसंच रबराचं. मग खड्डा आला की ठेंगणी भिंत रिम आणि डांबर यांच्यात चेमटते, आतले धागे तुटतात आणि फुगा बाहेर येतो.

मित्राचा युक्तिवाद बिनतोड वाटावा असा होता. “दोन्ही टायरांवर ८८ लिहिलंय, मग हवा वेगळी कशाला?” ८८ हा भारांक, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ५६० किलो. पण कोणत्या हवेला? युरोपीय प्रमाणानुसार साधा टायर हा भार ३६ पीएसआयला पेलतो. मित्राच्या नव्या टायरवर ८८ च्या जवळच ‘एक्सएल’ अशी दोन अक्षरं होती. एक्सएलचा सांगाडा दणकट असतो, पण ५६० किलो पेलायला त्याला ४२ पीएसआय लागते. पिशवी जाड आहे म्हणून ती कमी हवेत जास्त वजन घेत नाही. जास्त हवा सोसते, एवढंच.

आता हिशोब करू. जुना टायर ३३ ला सुमारे ५२० किलो पेलत होता. तेवढेच किलो एक्सएलला पेलायचे तर हवा हवी ३८ ते ३९. मित्राने १६ इंची १९५/५५ घेतला असता, भारांक ८७, तर ३४ वर भागलं असतं. १७ इंचीच, पण ८४ भारांकाचा साधा टायर घेतला असता तर त्याची धाव ५०० किलोपर्यंतच. कितीही हवा भरा, ५२० गाठणार नाही. तो टायर त्या गाडीला घ्यायचाच नाही. दुकानात डिझाइनकडे बघण्याआधी भारांक आणि ‘एक्सएल’ आहे की नाही हे बघावं, असं माझं मत आहे.

उलटं टोकही आहेच. टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरांत कमाल दाब छापलेला असतो, कधी ५१ पीएसआय. काही जण तोच भरून येतात. ती सोसण्याची हद्द आहे, गाडीची गरज नव्हे. मग टायर मधोमध झिजतो, गाडी उड्या मारते आणि ब्रेकला पकड कमी मिळते.

मोजायची ती थंड टायरची हवा. थंडीत पहाटे दहा अंशांना ३३ भरलेला टायर दुपारी तीस अंशांना, जागेवर उभ्या उभ्या, ३६ दाखवतो. सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरताना ब्रेकची धग रिममधून आत जाते, काटा आणखी चढतो. खाली आल्यावर आकडा बघून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर उपाशी.

मित्राने आता स्वतःचा गेज घेतलाय. पहाटे अंगणात उकिडवा बसून चारही चाकांना ३९ करतो. डिकीतली स्टेपनी मात्र जुनीच, १५ इंची. तिला ३३.