यंत्रभरतकामातील दोऱ्याची टोके: क्रिया आणि शब्द

शिवणयंत्रावर केलेल्या भरतकामात दोऱ्याची सुटी टोके कशी लपवावयाची, हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने का हाताळावा, असे काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. त्याचे कारण एका वाक्यात आहे. काही वर्षांपूर्वी नागपुरातील एका शिवणवर्गासाठी इंग्रजीवरून मराठीत आणलेली एक हस्तपुस्तिका प्रस्तुत लेखिकेकडे भाषा तपासण्यासाठी आली होती. भरतकाम संपल्यावर काय करावे हे सांगताना तीत ‘धाग्यांची टोके सुरक्षित ठेवावीत’ असे वाक्य होते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष असल्यामुळे त्यावर कोणतीही खूण न करता पुस्तिका परत गेली. पुढे त्याच वर्गातील एका विद्यार्थिनीने मजुरीवर सहा पोलक्यांच्या बाह्यांवर वेलबुट्टी भरून दिली. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तिने टोके खरोखरच सुरक्षित ठेवली होती. म्हणजे ती बांधली नव्हती, कापली नव्हती, केवळ उलट्या बाजूस जपून राखली होती. पहिल्याच धुण्यात फुलांच्या कडा उसवल्या. सहाही पोलकी परत आली आणि दोऱ्याचा व मजुरीचा भुर्दंड तिच्यावर पडला. मूळ इंग्रजी क्रियापदास ‘जपून ठेवणे’ आणि ‘पक्के बांधणे’ असे दोन्ही अर्थ आहेत. अनुवादकाने पहिला घेतला. आणि तपासणाऱ्या व्यक्तीस शिवणयंत्राची क्रियाच ठाऊक नसल्याने चूक तिच्या ध्यानी आली नाही. ती क्रिया समजून घेण्याच्या प्रयत्नातून हा लेख सिद्ध झाला आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘टोक लपवणे’ या एका शब्दप्रयोगात दोन निरनिराळ्या क्रिया एकवटल्या आहेत: टोक पक्के करणे आणि टोक दृष्टीआड करणे. पक्के केलेले टोक दिसत राहिले तर काम ओबडधोबड दिसते, एवढेच. परंतु पक्के न करता दृष्टीआड केलेले टोक आज ना उद्या बाहेर येते आणि येताना आपल्याबरोबर टाकेही घेऊन येते. म्हणून या दोन क्रियांचा क्रम बदलता येत नाही.

टोके सुटतात का, हे कळण्यासाठी यंत्राचा टाका कसा पडतो ते पाहावे लागते. फ्रान्समधील बार्तेलेमी तिमोनिये याने 1830 साली ज्या यंत्राचे एकस्व मिळविले, ते एकाच दोऱ्याने साखळीटाका घालीत असे. या टाक्याचा स्वभाव आपणां सर्वांस परिचित आहे. गव्हाच्या किंवा साखरेच्या पोत्याचे तोंड याच टाक्याने शिवलेले असते. योग्य बाजूचे टोक हाती लागले की एका ओढीत सारी शिवण उसवते, आणि दुसऱ्या बाजूने कितीही ओढले तरी ती ढिम्म हलत नाही. साखळीटाक्यात प्रत्येक फासा पुढच्या फाशाने अडकविलेला असतो, शेवटच्या फाशाला मात्र अडकविणारा कोणी नसतो. त्यामुळे तेथे खरे भय एकाच टोकाचे असते.

घरोघरी असलेली यंत्रे या जातीची नव्हेत. अमेरिकेतील इलायस हाऊ याने 1846 साली एकस्व घेतलेल्या यंत्रापासून रूढ झालेला टाका दोन दोऱ्यांचा आहे. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते व वर येऊ लागताच तेथे दोऱ्याचा एक लहानसा फासा तयार होतो. त्या फाशातून शटल खालचा, म्हणजे बॉबीनचा दोरा ओवते आणि वरची दांडी फासा आवळून घेते. दोन्ही दोऱ्यांची ओढ समान असली, तर त्यांची अढी कापडाच्या जाडीत मधोमध बसते. साध्या शिवणीत हेच इष्ट असते. भरतकामात मात्र वरच्या दोऱ्याची ओढ मुद्दाम थोडी सैल ठेवतात, म्हणजे अढी उलट्या बाजूस उतरते आणि बॉबीनचा दोरा सुलट्या बाजूस डोकावत नाही. (या ओढीला नागपुरातील शिंपी ‘टेन्शन’ म्हणतात, ‘वरचं टेन्शन कमी करा’ हा सल्ला प्रथम ऐकताना लेखिकेस तो स्वतःसाठीच आहे असे वाटले होते.)

येथेच अडचणीचे मूळ आहे. शिवणीची टोके बहुधा दुसऱ्या शिवणीत किंवा दुमडीत दाबली जातात. भरतकामाचा टाका कापडाच्या मध्यभागी सुरू होतो आणि मध्यभागीच संपतो. त्यास आश्रय देणारी दुसरी शिवण नसते. शिवाय दोरे दोन असल्यामुळे प्रत्येक आकृतीस आरंभी दोन आणि अखेरीस दोन, अशी चार टोके उरतात. दहा सुट्या फुलांची एक वेल भरली की चाळीस टोकांची व्यवस्था लावावी लागते. त्यातच ओढ सैल ठेवलेली असल्याने टाके कमी आवळलेले असतात, आणि चमक यावी म्हणून वापरला जाणारा रेयॉनचा दोरा सुती दोऱ्यापेक्षा गुळगुळीत असल्याने सहज निसटतो.

आता प्रत्यक्ष कृती. साध्या पायमशीनवर भरतकाम करताना कापड सरकविणारे दाते खाली उतरवितात किंवा पट्टीने झाकतात, कापड दाबणारा फूट काढून टाकतात आणि रिंगमध्ये ताणलेले कापड हाताने फिरवितात. हाताच्या भरतकामात कापड रिंगच्या वरच्या अंगास असते. यंत्रावर ते खालच्या अंगास, यंत्राच्या पाटाला टेकलेले असावे लागते. फूट नसला तरी त्याचा दांडा खाली पाडणे आवश्यक आहे. तो वर राहिल्यास वरच्या दोऱ्यावर ओढच येत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. नवशिक्यांची टोके बिघडण्याचे हे एक नेहमीचे कारण असून ते शोधण्यात पुष्कळांचे तासच्या तास गेले आहेत.

आरंभी वरच्या दोऱ्याचे टोक हाती धरून चाक हाताने एकवार फिरवावे, म्हणजे सुई एकदा खाली जाऊन वर येईल. मग ते टोक हलकेच ओढले असता बॉबीनच्या दोऱ्याचा फासा कापडातून वर येतो; तो ओढून खालचे टोकही सुलट्या बाजूस घ्यावे. दोन्ही टोके डाव्या हाताच्या बोटाखाली धरून त्याच जागी तीनचार अगदी बारीक टाके घालावेत आणि पुढे आणखी काही टाके पडल्यावर टोके कापडालगत कापावीत. ज्या जागी पुढे भरगच्च भराव यावयाचा असेल तेथे टोके भरावाच्या मार्गातच आडवी ठेवली तर त्यांवरून टाके पडून ती आपोआप बंदिस्त होतात. खालचे टोक वर न घेता तसेच सोडले, तर ते पुढच्या टाक्यांत वाटेल तसे गुंतते आणि उलट्या बाजूस घरटे तयार होते.

अखेरची टोके अधिक कष्टाची असतात. तेथेही जागच्या जागी बारीक टाके घालता येतात. परंतु नाजूक रेषेच्या शेवटी त्या टाक्यांचा ठिपका उठून दिसतो. अशा ठिकाणी दोरे वीतभर लांब ठेवून कापावेत, कापड उलटे करावे आणि बॉबीनचा दोरा किंचित ओढावा. त्याबरोबर वरच्या दोऱ्याचा फासा उलट्या बाजूस येतो. तो सुईच्या टोकाने ओढून घेतला म्हणजे दोन्ही टोके एका बाजूस येतात. मग त्यांस गाठ मारावयाची. मराठीने येथे दोन नेमके शब्द राखून ठेवले आहेत: ओढताच सुटते ती सुरगाठ, सुटत नाही ती निरगाठ. उजवे टोक डाव्यावरून आणि नंतर डावे उजव्यावरून घेतले तर निरगाठ बसते. दोन्ही वेळी एकाच बाजूने वळविल्यास दिसावयास गाठ तीच, पण ती घसरते. गाठीनंतर दोन्ही टोके हाताच्या सुईत ओवून उलट्या बाजूच्या टाक्यांखालून सुमारे 2 सेंटिमीटर न्यावीत, एका टाक्याभोवती वळसा देऊन थोडी मागे आणावीत आणि मग कापावीत. रेयॉनच्या दोऱ्यास हा परतीचा वळसा विशेष आवश्यक असतो.

हातकामात ही यातायात इतकी का नसते? कारण तेथे एकच दोरा दोन्ही बाजूंस ये-जा करतो. धारवाड परिसरातील कसुती हे याचे उत्तम उदाहरण होय. इरकली लुगड्यांबरोबर हे भरतकाम कोल्हापूर-सोलापूरकडील मराठी घरांतही पोहोचले आहे. तिच्या गवंती या प्रकारात धावदोरा पुढे नेतात आणि त्याच मार्गाने परतताना मधल्या रिकाम्या जागा भरतात. दोरा निघाला तेथेच परत येतो, दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि टोक स्वतःच्याच टाक्यांत सामावते. कसुतीत गाठ निषिद्ध. तथापि गवंती हे नाव कन्नडातील ‘गाठ’ या अर्थाच्या शब्दाशी जोडले जाते, ही गोष्ट शब्दार्थाच्या अभ्यासकांस मौजेची वाटेल. यंत्राचा दोरा असा परत फिरू शकत नाही. वरचा दोरा वरच आणि खालचा खालीच राहतो, म्हणून यंत्रकामास उलट आणि सुलट या बाजू कायमच्या चिकटल्या आहेत.

उलट बाजू पाहण्याची सवय मराठी गिऱ्हाइकास जुनी आहे. येवल्याच्या किंवा पैठणच्या पैठणीचा पदर जाणती स्त्री प्रथम उलटून पाहते. हातमागावरील खऱ्या पैठणीत निरनिराळ्या रंगांचे आडवे दोरे एकमेकांत अडकवून नक्षी विणलेली असते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखी दिसते. यंत्रमागावरील नकलेच्या पाठीवर तरंगणारे किंवा कापलेले दोरे आढळतात. ही कसोटी विणकामाची आहे, भरतकामाची नव्हे. तिच्यावरून यंत्रभरतकामास हिणविणे अन्यायाचे होईल. पण परत आलेल्या त्या सहा पोलक्यांची परीक्षाही अशीच, उलटून, झाली होती.

आता शब्दांकडे वळू. नागपुरास परिभाषेची उणीव कधी नव्हती. डॉ. रघुवीर यांनी परिभाषानिर्मितीचा प्रचंड उद्योग याच शहरात केला आणि 1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पुढे मराठीत अनेक परिभाषाकोश सिद्ध केले. परंतु शिवणयंत्रापुढे बसलेल्या व्यक्तीची भाषा या कोशांच्या वाटेने आलेली नाही. 1956 पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा द्विभाषिक प्रांताची राजधानी होते. इतवारी-गांधीबागेच्या कापडबाजारात आजही दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदतात. येथील शिंपी ‘दोरा’ आणि ‘धागा’ दोन्ही म्हणतो, आणि ‘हातशिलाई’बरोबर ‘तुरपाई’ही. यंत्राचे भाग मात्र इंग्रजी नावांनी आले व तसेच राहिले. कोष्टी विणकराच्या ‘धोट्या’ला इंग्रजीत जो शब्द आहे तोच शिवणयंत्राच्या ‘शटल’ला आहे, कारण दोहोंचे काम दोऱ्यातून दोरा नेण्याचेच. आपल्याकडे मागावर धोटा राहिला आणि मशीनमध्ये शटल आले. त्याला धोटा म्हणा, असा आग्रह धरण्याचे कारण लेखिकेस दिसत नाही. वस्तूचे नाव परके असले तरी काम अडत नाही. क्रियापद चुकले की मात्र बाह्या उसवतात.

क्रियापदे तर मराठीत विपुल आहेत. ‘लपवणे’ या शब्दात काही गैर झाकण्याची छटा आहे आणि तो केवळ दिसण्याशी संबंधित आहे. ‘खोचणे’ याची गोष्ट वेगळी. निऱ्या खोचतात, पदर खोचतात. खोचलेली वस्तू दिसत नाही हे खरे, पण ती दिसेनाशी व्हावी म्हणून खोचलेली नसते, तर हालचालीत सुटू नये म्हणून खोचलेली असते. वर ज्या दोन क्रिया वेगळ्या केल्या त्या दोन्ही या एका शब्दात योग्य क्रमाने सामावतात. अनुवादकाच्या आईने हा शब्द दिवसातून कितीदा तरी उच्चारला असेल; परंतु तो पुस्तकी वाटत नसल्यामुळे त्याला सुचला नसावा.

पातळ कापडाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. व्हॉइल, ऑर्गंडी यांसारख्या कापडातून उलट्या बाजूचे रंगीत टोक सावलीप्रमाणे सुलटीकडे दिसते. लखनौच्या चिकनकामातील ‘बखिया’ प्रकारात याच सावलीचे सौंदर्य साधले जाते. येथे मात्र तो दोष ठरतो. म्हणून अशा कापडावर टोके भरावाच्या पाठीमागेच खोचावीत आणि एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे दोरा तरंगत नेऊ नये. संगणकचलित यंत्रे आरंभ-अखेरीचे बारीक टाके स्वतःच घालतात आणि दोरेही कापतात, तथापि उलट्या बाजूस लहान टोके राहतातच. लहान मुलांच्या कपड्यांत ती टोचू नयेत म्हणून त्यांवर इस्त्रीने चिकटणारे मऊ अस्तर बसवितात. मोठ्या शहरांच्या तयार-कपड्यांच्या धंद्यात उरलेले दोरे कापण्याचे काम वेगळे काढून नगावर दिले जाते आणि ते बहुधा घरी बसून स्त्रियाच करतात.

पुस्तिकेच्या सुधारलेल्या प्रतीसाठी ते वाक्य प्रस्तुत लेखिकेने पुढीलप्रमाणे लिहिले: ‘दोन्ही टोके उलट्या बाजूस ओढून घ्यावीत, त्यांस निरगाठ मारावी, हाताच्या सुईने ती टाक्यांखालून न्यावीत आणि दृष्टीआड करून कापावीत.’ मजकूर छापण्यापूर्वी तो त्याच विद्यार्थिनीस दाखविला. तिने ‘दृष्टीआड करून’ हे शब्द खोडून तेथे ‘खोचून’ असे लिहिले आणि खाली स्वतःची एक ओळ वाढविली: ‘पहिला नमुना धुऊन पाहिल्याशिवाय पुढचा नग हाती घेऊ नये.’ दोन्ही दुरुस्त्या जशाच्या तशा छापण्यात आल्या.