पुलावरून रोज जाता, एकदा पुलाखालून जाऊन बघा

शेतकरी मंडळी, गावचा पूल तुम्ही रोज ओलांडता. ऊस त्यावरूनच कारखान्याला जातो, दूध डेअरीला जाते, पोरं एस.टी.त बसून हायस्कूलला जातात. पण त्या पुलाच्या खाली उभे राहून वर मान करून तुम्ही शेवटचे कधी पाहिले? बहुतेकांचे उत्तर येईल, ‘लहानपणी म्हशी घेऊन जात होतो तेव्हा.’ खरी गोम इथेच आहे. काँक्रीटचा पूल म्हातारा होतो तो खालच्या बाजूने. वरून डांबर नवे, कठड्याला पिवळा-काळा रंग, आणि खाली स्लॅबचे गज उघडे पडून लोंबत असतात.

गुजरातमध्ये वडोदरा आणि आणंद या दोन जिल्ह्यांना जोडणारा मही नदीवरचा गंभीरा पूल आठवा. १९८५ साली वाहतुकीला खुला झालेला, म्हणजे फार जुना म्हणावा असाही नव्हे. ९ जुलै २०२५ च्या सकाळी त्याचा एक गाळा नदीत कोसळला. गाड्या खाली गेल्या, किमान २० माणसे दगावली. एक टँकर तुटलेल्या कडेला अर्धा लोंबकळत राहिला, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. प्राथमिक चौकशीत गाळा ज्यावर टेकतो त्या पेडस्टलचा आणि सांध्याचा भाग चिरडला गेल्याचे सांगण्यात आले. चार अभियंते निलंबित झाले. पण आपण लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. पूल हादरतो, अवजड वाहने बंद करा, अशी तक्रार त्या भागातल्या जिल्हा पंचायत सदस्याने २०२२ सालीच लेखी केली होती. म्हणजे पहिल्यांदा कळले ते गावालाच. आपल्याकडेही २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल दोन एस.टी. गाड्यांसह वाहून गेला. तेव्हा पुढच्या गाड्या थांबवायला पहिल्यांदा धावला तो जवळच्या गॅरेजात काम करणारा माणूस. (तो पूल दगडी कमानीचा होता, गंजण्याचा प्रश्न तिथे नव्हता. पण मे महिन्यात पाहणी होऊन तो ‘सुरक्षित’ ठरला होता, हे विसरू नये.)

आता काँक्रीटमधले लोखंड गंजते कसे ते बघू. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो, त्यामुळे ताजे काँक्रीट चांगलेच अल्कधर्मी असते. अशा काँक्रीटच्या पोटात गजावर एक अतिशय पातळ थर धरतो आणि तो गंजाला अटकाव करतो. म्हणून तर गोठ्यात पडलेली सळई एका पावसाळ्यात लाल होते आणि स्लॅबमधली चाळीस वर्षे टिकते. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि हा गुण मारतो. मुरता मुरता तो गजापर्यंत पोहोचला की संरक्षण संपले. मग फक्त ओल मिळायचा अवकाश. कोकणात, खाडीकाठी खारी हवा हेच काम लवकर उरकते. बांधकामात खारी वाळू किंवा खारे पाणी वापरले असेल तर शत्रू पहिल्या दिवसापासून घरातच आहे म्हणायचे.

गंज झाला की लोखंड फुगते. मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा तो खातो. एवढी जागा काँक्रीटमध्ये कुठून येणार? म्हणून आधी गजाच्या रेषेत बारीक भेग पडते, मग पोपडा सुटतो, मग ढलपा खाली पडतो. बारा मिलिमीटरचा गज झिजून दहाचा झाला, तर ‘दोनच तर मिलिमीटर गेले’ असे वाटते. हिशेब करून बघा, त्याची सुमारे ३० टक्के ताकद गेलेली असते.

आता चला खाली. चैत्र-वैशाखात, पाणी आटलेले असताना जावे. एकट्याने जाऊ नये. बरोबर एक छोटी हातोडी, खडू, टेप आणि बॅटरी घ्या. मोबाइलवर फोटो निघतात, त्यामुळे सरपंचांनी एखादा कॉलेजचा पोरगा सोबत घेतला तर उत्तम. आग्या मोहोळ आहे का ते आधी बघा. हे हसण्यावारी नेऊ नका, पुलाच्या पोटाला मोहोळ हमखास असते.

आधी स्लॅबच्या आणि गर्डरच्या पोटाकडे नजर टाका. पांढरे ओघळ दिसतात का? तो काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर बाहेर येतोय. म्हणजे वरचे पाणी स्लॅबमधून आरपार झिरपते आहे. ओघळ तांबूस असेल तर पाण्याने गजाला गाठले असे समजा. एका सरळ रेषेत जाणारी भेग दिसली तर तिच्या आत गज असण्याची शक्यता मोठी. हात पोहोचेल तिथे हातोडीने हलकेच ठोकून बघा. चांगले काँक्रीट खणखणीत बोलते, पोपडा सुटलेले बदबद वाजते. नारळ-कलिंगड वाजवून घेणाऱ्याला हे शिकवायला नको. जिथे बदबद वाजेल तिथे खडूने गोल करा. भेगेच्या दोन्ही टोकांना खूण करून बाजूला तारीख लिहा. पुढच्या वर्षी भेग खुणेच्या पुढे सरकली की वाढते आहे हे कुणीही सांगेल, त्याला इंजिनिअर लागत नाही. मात्र डोक्यावरचा सुटा ढलपा पाडायच्या भानगडीत पडू नका.

गज उघडा पडला असेल तर तो भाग मोजा, फोटोत शेजारी टेप धरा. आणि एक फसवणूक ओळखायला शिका. बऱ्याच पुलांना खालून सिमेंटचे गिलाव्याचे ठिगळ असते. उघड्या गजावर नुसता गिलावा थापला की बिल निघते, पण आतला गंज थांबत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत ठिगळासकट खाली येते. दुरुस्ती नीट करायची तर सुटे काँक्रीट पूर्ण काढावे लागते, गजाच्या मागे बोट जाईल इतके खोल. मग गज घासून चकचकीत करायचा, गंजरोधक लेप द्यायचा, फार झिजला असेल तर जोडीला नवा गज बांधायचा आणि मगच भरायचे. काम चालू असताना गावातल्या दोघांनी जाऊन एवढे जरी पाहिले, तरी ठेकेदाराचा हात जड होतो.

खालचे दुखणे बहुधा वरून आलेले असते, म्हणून नंतर वर या. पुलावरचे पाणी जायला कडेला नळ्या ठेवलेल्या असतात. आपल्याकडे दहापैकी आठ वेळा त्या मातीने, उसाच्या पाचटाने बुजलेल्या. पाणी साचते आणि स्लॅबमध्ये मुरते. हे काम ग्रामपंचायतीच्या दोन माणसांचे, एका सकाळचे. सांध्यात पिंपळ उगवला असेल तर तो कोवळा असतानाच काढावा. पिंपळ तोडायला लोक कचरतात, पण पुलातला पिंपळ पुलाला खातो. दर वेळी जुन्या डांबरावर नवे डांबर चढवत जाण्याचीही रीत पडली आहे. दहा मीटर लांब, साडेसात मीटर रुंद गाळ्यावर १०० मिलिमीटर जादा थर म्हणजे जवळजवळ १७ टन बोजा, तोही कायमचा! त्यात उसाच्या हंगामात डबल ट्रेलर, वाळूचे डंपर. शिवाय डांबर सांध्यात भरले की उन्हाळ्यात पुलाला पसरायला जागा उरत नाही आणि मार बेअरिंगवर येतो.

खांबाच्या बुडाशीही जा. वाळू उपशाने पात्र खाली गेले असेल तर पूर्वी झाकलेला पाया उघडा दिसतो. हा गंजाचा विषय नाही, पण गंजापेक्षा लवकर घात करणारा आहे. जिथे मळीचे पाणी ओढ्यात सोडले जाते, तिथे पाण्याच्या रेषेपाशी सिमेंट खाल्ले जाऊन नुसती खडी उघडी पडते. तेही टिपून घ्या.

इथपर्यंत डोळ्यांचे काम झाले. डोळ्यांना दिसत नाही त्यासाठी यंत्रे आहेत, आणि ती मागण्याचा तुमचा हक्क आहे. काँक्रीटला छोटे भोक पाडून त्यावर फिनॉफ्थॅलीनचे द्रावण टाकतात. गर्द गुलाबी झाले तर काँक्रीट अजून जिवंत, रंग चढला नाही तर तिथले संरक्षण गेले. ध्वनिलहरींची चाचणी असते. त्यात वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर आला तर काँक्रीट चांगले, तीनच्या खाली आला तर शंकास्पद. गजाचा विद्युतदाब मोजणारीही चाचणी आहे. त्यात उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. अहवालात नुसते ‘पूल सुस्थितीत’ असे वाक्य असेल तर विचारा, साहेब, यातली कोणती चाचणी केली, आकडे कुठे आहेत?

मोठ्या, ताणलेल्या तारांच्या पुलांबाबत तर हे विचारलेच पाहिजे. तिथे तारा नळीच्या आत असतात. आत गंज चढला तरी बाहेर ओघळ नाही, पोपडा नाही. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० मध्ये झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. सोळा वर्षेच. कारण तारांचा गंज. त्यानंतर नवा पूल होईपर्यंत लोकांना वर्षानुवर्षे फेरीबोटीने ये-जा करावी लागली.

आता, सांगायचे कुणाला? राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्गावरचा पूल असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा उपविभाग. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ता असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. पत्र भलत्याच टेबलावर गेले की सहा महिने गेले, म्हणून रस्त्याचा दर्जा आणि क्रमांक आधी विचारून घ्या. पुलांची पाहणी पावसाळ्याआधी आणि नंतर व्हावी असे ठरलेले आहे. त्या पाहणीच्या दिवशी सरपंच, पोलीस पाटील हजर राहिले तर अभियंत्यालाही बरेच वाटते. त्याच्याकडे पूल पुष्कळ आणि माणसे थोडी असतात, हेही खरे आहे. सगळा दोष त्याच्या माथी मारून चालत नाही.

पूल पूर्वीपेक्षा जास्त हादरू लागला, रस्ता एखाद्या जागी खचला, कठड्याची सरळ रेष वाकडी दिसू लागली, तर मात्र पत्राची वाट बघू नका. तहसीलदार आणि पोलीस ठाण्याला फोन करून वाहतूक थांबवायला लावा. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, पूल बंद करण्याचा अधिकार त्यांना आहे. नुसता फलक लावून भागत नाही. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, चार जण गेले, आणि धोक्याचा फलक तिथे होताच. अवजड वाहने बंद करायची तर आडवा लोखंडी खांबच घालावा लागतो. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला हंगामाआधी सांगून उसाच्या गाड्यांचा मार्ग बदलून घ्यावा, नाहीतर तो खांब पहिल्याच आठवड्यात कुणीतरी उखडतो.

पत्र लिहिताना ‘पूल धोकादायक झाला आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ एवढेच लिहू नका. कितवा गाळा, कोणत्या बाजूचा गर्डर, किती लांबीची भेग, किती गज उघडे, हे लिहा. फोटो जोडा, ग्रामसभेचा ठराव जोडा, पाहणी अहवालाची प्रत मागा. प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.